पन्नास वर्षांचं लग्न आणि सुटकेसभर फोटो: आधी नावं, मग फ्रेमा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-वडिलांचं लग्न २४ मे १९७६ ला सोलापुरात झालं, येत्या मे महिन्यात ५० वर्षं पूर्ण होतायत. माळ्यावर सुटकेसभर जुने फोटो आहेत. लग्नाचा मुख्य फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, रंगीत फोटो लालसर पडलेत आणि हातात दोन महिने आहेत. फ्लेक्स करावा, व्हिडिओ करावा की पुस्तक, आणि फोटो दुरुस्त कसे करून घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय.

दुरुस्ती, स्कॅनिंग, छपाई ही सगळी कामं पैसे टाकून होतात आणि पुढच्या वर्षीही होतील. त्या फोटोंतली माणसं कोण, हे सांगणारी दोनच माणसं मात्र तुमच्या घरात आहेत आणि ती सत्तरीच्या पुढं असणार. दुरुस्तीला येणाऱ्या पेट्यांमध्ये सगळ्यांत जास्त नुकसान कसरीनं किंवा ओलीनं झालेलं नसतं. फोटो ठणठणीत असतो, पण त्यातल्या नऊ माणसांपैकी सात कोण ते घरात कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे फक्त नावांसाठी ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

सुटकेस खाली काढा, पण गच्चीवर उन्हात पसरू नका. आपल्याकडं एप्रिलमध्येच पारा चाळिशीला टेकतो, त्या उन्हात जुना कागद आणखी वाकतो आणि त्यावरचा, प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर तडकतो. सकाळच्या वेळी पंखा बंद ठेवून, हात कोरडे करून, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून बसा. फोटो जसे निघतील त्याच क्रमानं ठेवा. एका पाकिटातले फोटो एकाच प्रसंगाचे असण्याची शक्यता मोठी असते, आणि लगेच 'लहान-मोठे' असे गठ्ठे केले की तो धागा तुटतो. प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्या. जुन्या कृष्णधवल फोटोंची मागची बाजू साध्या कागदाची असते. तिथं मऊ पेन्सिलीनं, ४बी किंवा ६बी, कडेला हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतरानं झिरपते. साधारण सत्तरच्या दशकापासून आलेल्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर पेन्सिल उठत नाही. त्या फोटोंसाठी क्रमांक पाकिटावर लिहा.

आता आईला आणि वडिलांना वेगवेगळं बसवा. दोघं एकत्र बसली की एकजण बोलतं आणि दुसरं 'हो, तेच' म्हणत राहतं. वडील बहुधा नाव, नोकरी, गाव सांगतात. आई नातं सांगते, कोण कुणाची जाऊ, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, कुणाच्या अंगावरची साडी उसनी होती, आणि खरा कुटुंबाचा इतिहास बराचसा तिथंच असतो. एका बैठकीला पंधरा-वीस फोटो आणि पाऊण तास पुरे, त्यापुढं माणूस दमतो आणि चुकीची नावं यायला लागतात. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि प्रत्येक फोटोच्या आधी त्याचा क्रमांक मोठ्यानं उच्चारा, नाहीतर नंतर 'हा बघ, हा आपला अण्णा' एवढंच ऐकू येतं आणि कुठला फोटो ते कळत नाही. समूहफोटो असेल तर एका कोऱ्या कागदावर डोक्यांचे नुसते गोल काढून त्यांना आकडे द्या आणि आकड्यांपुढं नावं लिहा. 'डावीकडून तिसरा' असं लिहिलं की मागच्या रांगेत हमखास घोळ होतो.

'हा कोण?' या प्रश्नाला 'आठवत नाही' हेच उत्तर लवकर येतं. त्यापेक्षा आजूबाजूचं विचारा. मांडव दारात होता की कार्यालय घेतलं होतं? बस्ता सोलापुरातच चाटी गल्लीत बांधला की बाहेरगावी? करवली कोण होती, कान कुणी पिळला, वरात कुठून निघाली? घरातलं कुणी गिरणीत असेल तर कुठल्या पाळीला जात होतं? जागा आणि वस्तू आठवल्या की मागोमाग माणसं येतात.

बायकांची नावं लिहिताना माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही लिहा. आपल्याकडं लग्नात नाव बदलण्याची रीत होती. आईच्या मैत्रिणी तिला एका नावानं ओळखतात, दिरांच्या मुलांना दुसरंच माहीत असतं. अल्बममध्ये 'कुसुम' आणि पत्रिकेत 'सुनंदा' दिसली तर पुढच्या पिढीला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात.

याला जोडूनच एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. सुटकेस वडिलांच्या घरातली आहे, त्यामुळं तीत आईचा लग्नाआधीचा फोटो एखादाच असेल किंवा नसेलच. पन्नास वर्षांचा सोहळा दोघांचा आहे. मामाकडं, मावशीकडं आजच फोन करा. लग्नाच्या फोटोंच्या प्रती त्या काळी मुलीकडच्यांनाही दिल्या जात. तुमच्याकडचा काचेला चिकटलेला फोटो मामाच्या कपाटात पाकिटात सुखरूप निघाला, तर दुरुस्तीचा प्रश्नच संपला. हैदराबाद-पुण्याचे नातेवाईक फोटो पाठवणार असतील तर व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या फोटोसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो, स्क्रीनवर ठीक दिसतो आणि छापला की फुटतो.

फोटोंइतकेच कागदही शोधा. लग्नपत्रिका आणि आहेराची वही ही दोन हाती लागली तर निम्मं काम झालं. आहेराच्या वहीत कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, काय दिलं, सगळं ओळीनं असतं. समूहफोटोतला अनोळखी चेहरा आणि वहीतली नावं आईसमोर एकत्र ठेवली की बऱ्याचदा जोड्या लागतात. पत्रिका तेलुगूत किंवा कानडीत असेल, आपल्याकडं शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू आणि लिंगायत घरांतून ते सर्रास दिसतं, तर ती लिपी वाचणाऱ्या माणसाकडून पूर्ण वाचून घ्या; निमंत्रकांच्या यादीत चुलत घराण्यांची नावं सापडतात. पत्रिकेवर नुसतं शकाचं वर्ष असेल तर त्यात ७८ मिळवा: शके १८९८ म्हणजे १९७६. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखेला मात्र ७९ मिळवायचे. जाता जाता, २४ मे ही तारीख यंदा अधिक ज्येष्ठात येते. घरात काही विधी करायचा असेल तर गुरुजींना आताच विचारा. तिथीनं तुमचा दिवस सुमारे बारा दिवस आधी, वैशाखातच पडतो.

ज्या फोटोंवर तारीख नाही त्यांचं वय ठरवायला काही पक्क्या खुणा आहेत. मागच्या शिक्क्यात किंवा कागदावर सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पत्त्यात 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. सोलापूरची महानगरपालिका १९६४ ला झाली, त्यामुळं 'नगरपालिका' लिहिलेला दाखला त्याआधीचा धरायला हरकत नाही. वडील पांढऱ्या बाराबंदीत नंदीध्वजाजवळ उभे असतील तर महिना जानेवारी, ती सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. वर्ष मात्र शेजारच्या मुलांच्या वयावरून काढावं लागेल. कातरल्यासारख्या नागमोडी कडा असतील तर फोटो बहुतेक पन्नास-साठच्या दशकातला. फ्रेमच्या मागं पुठ्ठ्याखाली वर्तमानपत्र घातलेलं असतं, त्याची तारीख बघा. फ्रेम त्या तारखेनंतर केली एवढं नक्की होतं.

आता चिकटलेला फोटो. हवेतल्या दमटपणानं जिलेटिन फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरतं, मग वाळलं की पक्कं बसतं. सोलापूरची हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर किंवा स्वयंपाकघराच्या बाजूला टांगलेल्या फ्रेमांचं हे हमखास होतं. अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा प्रकाश काचेवर अगदी आडवा टाका. चिकटलेला भाग ओला केल्यासारखा गडद, चकचकीत दिसतो. सुटा भाग निस्तेज दिसतो. फ्रेम पालथी करून मागचे खिळे काढा, पुठ्ठा काढा आणि तिथं थांबा. पाती घालू नका, ड्रायर लावू नका, आणि 'पाण्यात भिजवला की सुटतो' हा सल्ला तर मुळीच ऐकू नका. कधीकधी सुटतो हे खरं, पण हातानं रंगवलेला फोटो असेल तर रंग वाहून जातात, आणि थर काचेवरच राहून नुसता कागद हातात येण्याची भीती प्रत्येक वेळी असते. काच आणि फोटो एकच वस्तू समजा आणि काचेसकट त्याची प्रत काढा.

इथं स्कॅनर कुठला आहे याला महत्त्व आहे. घरगुती प्रिंटरवरचे पातळ स्कॅनर काचेला टेकलेली वस्तूच स्पष्ट टिपतात; मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीची फ्रेमची काच आली की चेहरा धूसर होतो. जाड ठेवणीचा, सीसीडी प्रकारचा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर लागतो. तो नसेल तर कॅमेरा बरा. फोटो भिंतीला उभा करा, कॅमेरा स्टँडवर बरोबर समांतर ठेवा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशातून सारखा प्रकाश द्या. काळ्या कार्डबोर्डला लेन्सपुरतं भोक पाडून तो कॅमेऱ्यापुढं धरला की काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. फ्लॅश बंद. फोनवर काढत असाल तर चेहरे गुळगुळीत करणारी सोयही बंद करा.

चिकट पानांच्या अल्बमचं दुखणं वेगळं. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीला धरतो. आधी पान आहे तसं स्कॅन करा. मग मेणाचं कोटिंग नसलेला दात साफ करायचा धागा फोटोच्या कोपऱ्यामागं घालून करवतीसारखा हळूहळू पुढं न्या. फोटो वाकवायचा नाही, गरज पडली तर पान वाकवायचं. धागा अडला तर सोडून द्या, स्कॅन तुमच्याकडं आहेच. गुंडाळी झालेले जाड कागदाचे फोटो बोटांनी सपाट करू नका, आडव्या भेगा पडतात. डब्याच्या तळाशी पिळून काढलेलं ओलं फडकं, त्यावर जाळी, जाळीवर फोटो आणि वर झाकण, असं चार-पाच तास ठेवा आणि दर तासाला बघा. कागद सैल झाला की टीपकागदात घालून वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवा. प्रतिमेच्या बाजूला बेकिंगचा न चिकटणारा कागद घालायला विसरू नका. रात्रभर ओलीत ठेवला तर बुरशी येते, आणि हातानं रंगवलेल्या फोटोवर हा प्रयोग करूच नये.

स्कॅन किती बारीक करायचा हे फोटोच्या आकारावर आणि तुम्हाला तो किती मोठा हवा यावर ठरतं. छपाईला इंचाला ३०० ठिपके, म्हणजे ३०० डीपीआय, लागतात. म्हणजे ६०० डीपीआयला स्कॅन केलेला फोटो दुप्पट मोठा होतो, १२०० ला चौपट. ६ बाय ९ सेंटिमीटरचा छोटा फोटो १२०० ला घेतलात तर २४ बाय ३६ सेंटिमीटरपर्यंत बिनधास्त जातो. पोस्टकार्ड साईजला ६०० पुरे. मूळ स्कॅन टिफ (TIFF) प्रकारच्या फाइलमध्ये ठेवा, दुरुस्ती नेहमी त्याच्या प्रतीवर.

पाकिटात निगेटिव्ह सापडल्या तर मात्र फोटो बाजूला ठेवा आणि त्यांच्यावरच काम करा. त्या काळच्या १२० फिल्मची चौकोनी निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटरची असते. ती २४०० डीपीआयला घेतली की जवळजवळ ४५ सेंटिमीटरचा स्वच्छ चौकोन मिळतो, आणि फोटोत न दिसणारी मागच्या रांगेतली तोंडंही त्यात ओळखू येतात. कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय बंद ठेवायला सांगा. त्या फिल्ममधल्या चांदीतून इन्फ्रारेड जात नाही, त्यामुळं यंत्र प्रतिमेलाच धूळ समजतं आणि चेहऱ्यावर डाग पडतात.

लालसर रंगीत फोटोंनी घाबरू नका. त्या कागदांतला निळसर रंग अंधारातही विरत जातो, म्हणून बाकीचे रंग वर येतात. स्कॅनमध्ये तिन्ही रंगांच्या पातळ्या वेगवेगळ्या जुळवल्या की बरंच परत येतं. कपाळ आणि पांढरा सदरा या दोन जागा डोळ्यासमोर ठेवून जुळवायला सांगा.

चेहऱ्यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. हल्ली एका बटणावर धूसर चेहरा 'स्पष्ट' करून मिळतो. यंत्र तिथं नसलेली पापणी, नसलेले दात स्वतःच्या अंदाजानं भरतं, आणि फोटोत आजोबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कुणीतरी उभा राहतो. भेगा, डाग, फाटलेले कोपरे जरूर भरून घ्या. चेहऱ्यावर फक्त उजेड-अंधार जुळवा. शंका असेल तर दुरुस्त केलेला चेहरा काहीही न सांगता आईला दाखवा. तिला क्षणभर विचार करावा लागला तर ती दुरुस्ती टाकून द्या. कृष्णधवल फोटो रंगवायचाच असेल तर एखादाच रंगवा, आणि शालूचा रंग आईला विचारून. लाल आणि हिरवा कृष्णधवलात जवळजवळ सारख्याच करड्या छटेचे दिसतात, यंत्राला त्यातला कुठला ते कळायला मार्ग नाही.

फ्लेक्स, व्हिडिओ की पुस्तक, हे कार्यक्रम कसा आहे यावर अवलंबून आहे. फ्लेक्स दहा फुटांवरून बघायचा, म्हणून मंचामागं एक ठीक. जवळून चेहरे बघायचे असतील तर लॅबमधून १२ बाय १८ इंचाचे प्रिंट काढून ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या फळ्यावर) लावून घ्या, बारा ते पंधरा, जास्त नकोत. फोटोचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आत असू द्या, खाली नावं ठळक आणि मोठी. बोर्ड मांडवात उन्हाला लावले तर वाकतात आणि प्रिंटच्या कडा सुटतात, आत सावलीत लावा. मेमधल्या दुपारी प्रोजेक्टरवर काही दिसत नाही, मोठा टीव्ही भाड्यानं घ्या. एका फोटोला पाच-सहा सेकंद, समूहफोटोला आठ-नऊ, असे साठ फोटो म्हणजे सहा-सात मिनिटं. त्यापुढं पंगतीकडं लोकांचं लक्ष जातं. पुस्तकाची घाई नको. चाळीस पानांचं पुस्तक नावांची खातरी झाल्यावर पावसाळ्यात करा आणि छापण्याआधी एका आत्याला नि एका मावशीला वाचायला द्या.

काय लावायचं याची यादी आधी दोघांना दाखवा. जुन्या अल्बमात अंत्ययात्रेपूर्वी काढलेला फोटो असतो, लहानपणी गेलेलं भावंड असतं, बोलणं तुटलेला चुलता असतो. त्यांना तिथं जागा द्यायची की नाही हे आई-वडिलांनी ठरवायचं, तुम्ही किंवा सुनांनी परस्पर नाही. कार्यक्रमात अचानक पडद्यावर काही दाखवून त्यांना रडवण्याचा बेत असेल तर तो सोडून द्या.

वेळेचं म्हणाल तर पहिले तीन आठवडे नावं, पुढचे दोन स्कॅनिंग, मग दोन दुरुस्तीला. प्रिंटची ऑर्डर तारखेच्या किमान दहा दिवस आधी द्या, लगीनसराईत लॅबवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. दर ठिकाणानुसार बदलतात. विचारताना फोटोमागं दर न विचारता एक सगळ्यांत खराब फोटो दाखवून त्याचा नमुना करून मागा. मूळ फोटो रात्री दुकानात ठेवू नका, समोर स्कॅन करून परत घ्या.

नंतर मूळ फोटो पुन्हा माळ्यावर जाऊ देऊ नका, पत्र्याखाली तर नाहीच. आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवा. नवीन प्लॅस्टिकचा उग्र वास येणारे पाऊच पीव्हीसीचे असतात, ते टाळा. लॅमिनेशन, सेलोटेप, डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला, यातलं काहीही फोटोंच्या संगतीत नको. स्कॅनच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या भावाकडं किंवा बहिणीकडं.

एवढं करूनही काही चेहरे अनोळखी राहतील. त्यांच्या प्रती मोठ्या करून कार्यक्रमात जेवणाच्या वाटेवर एका टेबलावर क्रमांकासह मांडा. जवळ एक वही, दोन पेन्सिली, वाचायचा एक चष्मा आणि नातेवाईकांत ओळख असलेली एखादी भाची बसवा. आलेल्या म्हाताऱ्या माणसांना खुर्ची देऊन तिथं बसू द्या. नाव सांगणाऱ्याचंही नाव आणि फोन नंबर वहीत त्याच ओळीत लिहून घ्या, कारण पुढचा प्रश्न तुम्हाला दुसऱ्या दिवशी सुचणार आहे.